अन्वरभाईंची गाडी तापेपर्यंत

अन्वरभाई मूळचे म्हसळ्याचे. यूएईतल्या उम्म अल कुवैनच्या एका कंपनीची डिझेल मोटरहोम चालवतात. बिछाने, शेगडी, संडास सगळं पोटात घेऊन फिरणारी गाडी. बावीस वर्षं इथे गाड्या हाकल्या, पण सगळ्या उन्हात. चावी फिरवली की इंजिन चालू, एवढंच त्यांना ठाऊक. मला तर तेवढंही कळत नाही, तरी सल्ले देण्याची खोड आहे.

जानेवारीत मी, बायको अनुपमा आणि आमचा वेदांग जबल जैसच्या डोंगरावर मुक्कामाला गेलो. सकाळी सहाला बाहेर तीन अंश. अन्वरभाई फोन हातात धरून दाराशी उभे होते.

"सर, अम्मी गेली. भाऊ बोलतो, रात्री इशाच्या नमाजपर्यंत मय्यत ठेवतो. साडेदहाचं फ्लाइट भेटलं तर पोचतो."

"यल्ला, मग निघूच!" मी म्हणालो.

त्यांनी चावी फिरवली. इंजिन खाकरलं आणि गप्प झालं. पुन्हा तेच. मी मागून "अजून एकदा मारा, अजून एकदा" करत होतो. दहाव्या वेळी नुसता टक् आवाज आला. बॅटरी खलास.

मग अनुपमाने डॅशबोर्डवर चिकटवलेला कागद वाचला. थंडीत चावी अर्धीच फिरवायची, पिवळा दिवा विझेपर्यंत दम धरायचा. आतली कॉइल तापल्याशिवाय डिझेल पेट घेत नाही. पंधरा सेकंदांचं काम. मला माझीच लाज वाटली.

आजूबाजूला एकही गाडी नव्हती. मदतीची गाडी असो की टॅक्सी, खालून वर यायला दोन-अडीच तास. म्हणजे साडेदहाचं फ्लाइट गेलंच. अन्वरभाई सीटवर तसेच बसून राहिले. अनुपमाने दिलेला चहा त्यांनी हातात धरला, प्यायले नाहीत.

"डॅड, व्हाय इजन्ट ही क्राइंग?" वेदांगने विचारलं.

मी त्याला गप्प केलं. मलाही काही वाटेनासं झालं होतं, हातपाय आणि डोकं सगळंच बधिर.

आठ वाजता त्यांनी भावाला फोन लावला. "यहया, माझी वाट बघू नका. दुपारी जोहरलाच उरकून घ्या."

फोन स्पीकरवर होता. भाऊ रडत म्हणाला, "तुम्ही या, भाई. बर्फ मागवतो, उद्यापर्यंत ठेवू."

"बर्फ नको," अन्वरभाई म्हणाले. "तिला थंडी सोसत नाही."