आईच्या टिपा आल्या, ओळी राहिल्या

मंडळी, आज मी आईची तीन वर्षांची मेहनत घालवली.

आई निवृत्त शिक्षिका आहे. तिला वस्तीतल्या बायकांच्या आठवणींवर पुस्तक लिहायचंय. ऑनलाइन लेख वाचताना ती एका टूलमध्ये महत्त्वाच्या ओळी रंगवते आणि बाजूला टीप लिहिते. ते टूल आज दुपारी कायमचं बंद होणार होतं. मी ऐटीत म्हटलं, "टिपा बाहेर काढायचं प्लगइन मीच लिहितो."

प्लगइन झकास चाललं. प्रिंट काढून संध्याकाळी हडपसरहून कात्रजला आईकडे गेलो.

तिने चष्मा लावून वाचलं, "'हे साफ खोटं आहे.' अरे, काय खोटं आहे?"

पुढची टीप होती, "माझ्या आईचंही असंच झालं."

"कसं झालं? हे कुठल्या ओळीवर लिहिलं होतं मी?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी फक्त टिपा घेतल्या होत्या. ज्या ओळींवर त्या लिहिल्या, त्या ओळी आणि लेखांच्या लिंक घ्यायलाच विसरलो होतो. टूल तर केव्हाच बंद झालं होतं.

आई रागावली नाही. तिने कोरी वही काढली आणि फोनवर पहिला लेख पुन्हा शोधायला बसली. मी लॅपटॉप उघडला, तर म्हणाली, "राहू दे. झाली तेवढी मदत पुरे."

मंडळी, अशा वेळी घरात नेमकं कुठे बसायचं असतं?