उलटे बर्फजोडे

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनच्या सणाला, आल्फोन्झ डोंगरावर गेला नाही, असं आमच्या गावात कधी घडलंच नव्हतं. ख्रिसमसचं जेवण जिरवायला बर्फ तुडवत वरच्या विश्रामघरापर्यंत जायचं, ते चालवणाऱ्या नात्सेच्या हातचं जव-घेवड्याचं कालवण हाणायचं, बेरीची दारू घ्यायची आणि दिवेलागणीच्या आत खाली यायचं. एरवी हा माणूस कोण, तर लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, पत्त्यांत हरणारा, बायकोला टरकून असणारा. त्या एका दिवशी मात्र तो राजा असायचा.

यंदा हृदयाने दगा दिला. क्रान्य शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी चढण बंद करायला सांगितलं आणि बायकोने, श्टेफकाने, तो हुकूम झाडून साऱ्या गावाला ऐकवला. आल्फोन्झने मान डोलावली. पण मनात भुंगा एकच, यंदा चुकलं की संपलं. मग आपण खिडकीशी बसून दुसऱ्यांना चढताना बघणारे म्हातारे.

म्हणून गड्याने डोकं लढवलं. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायचे त्याचे बर्फजोडे जुन्या घाटाचे, लाकडी कड्यात चामड्याच्या वाद्यांची जाळी, पुढे रुंद आणि मागे निमुळते. पूर्वी सीमेपलीकडून चोरून तंबाखू आणणारे लोक ते पायाला उलटे बांधत. ठसे बघून शिपायांना वाटे, वर कुणी गेलंच नाही, खाली आलंय. शेजारी पत्ते कुटायला जातो असं सांगून आल्फोन्झ घराबाहेर पडला, कोठारामागे बसला आणि त्याने जोडे अगदी तसेच बांधले. आपल्या हुशारीवर स्वारी बेहद्द खूश होती.

पण चढताना ती निमुळती टोकं बर्फात रुतायला लागली. आल्फोन्झ दोनदा तोंडावर आपटला आणि त्याने समस्त तंबाखूचोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. छाती भात्यासारखी चालली होती. मग प्रत्येक वळणावर तो झाडाला टेकायचा आणि आजूबाजूला चिटपाखरू दिसत नसतानाही कमरेवर हात ठेवून देखावा बघत असल्याचं नाटक करायचा. दमलोय हे त्याला स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं. असा मजल दरमजल करत एकदाचा तो विश्रामघरात पोचला.

नात्सेने कालवणाचं वाडगं पुढ्यात ठेवलं. आल्फोन्झने पहिला चमचा उचलला, तोच दार उघडलं. गुडघ्यापर्यंत बर्फाने माखलेली श्टेफका आत आली, हातात तिच्या बापाचे जुने बर्फजोडे. नात्से गुपचूप स्वयंपाकघरात सटकला.

ती त्याच्याशेजारी बसली आणि कोटाच्या खिशातून एक गोळी काढून तिने वाडग्याजवळ ठेवली. सकाळची गोळी तो घरीच विसरला होता.

"तुला कळलं कसं?" त्याने खालमानेने विचारलं.

"डोंगर उतरणारा माणूस वळणावळणाला झाडाला टेकून धापा टाकतो होय रे? आणि माझ्या बापाने उभी हयात असे उलटे जोडे घालून तंबाखू आणली. त्याच्या लेकीला तू गंडवणार?"

आल्फोन्झ ओशाळला. बायको कुणाची लेक, हेच तो हुशारीच्या भरात साफ विसरला होता. ती कोठारापासून मागावर होती हे ऐकल्यावर मात्र तो उखडला. दोनदा तोंडावर आपटताना नुसती बघत राहिली? मग हाक का मारली नाही?

"हाक मारली असती तर तू पळत सुटला असतास," श्टेफका म्हणाली. "गिळ ती गोळी."

त्याने मुकाट्याने गिळली. मग तिने त्याच्याच चमच्याने कालवण चाखलं, मीठ कमी आहे म्हणून नात्सेला ऐकवलं आणि अर्धं वाडगं संपवलं.

निघताना तिने स्वतःच्या हाताने त्याचे जोडे सुलटे बांधले आणि त्याला पुढे घातलं. वाटेत तो थांबला, की मागे तीही थांबायची आणि कमरेवर हात ठेवून देखावा बघायची.