फिल्टर शंभरावर

"काठी नव्हे, हात दुरुस्त करा." आमच्या फोरमवर मी लिहिलेल्या मार्गदर्शक लेखाचं हे शेवटचं वाक्य होतं आणि मला त्याचा भलताच अभिमान होता. आम्ही दहा-बारा जण होतो, बहुतेक सगळे सिंगापुरात नोकरीला किंवा शिकायला आलेले. दर रविवारी दुपारी आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून आम्ही दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवायचो आणि एकमेकांना पाडायचो. त्या कंपूत जॉयस्टिकचा, आमच्या भाषेत काठीचा, वैद्य मी. ज्याचं विमान झोकांड्या खायचं तो आपली सेटिंगची फाइल, म्हणजे प्रोफाइल, मला पाठवायचा. मी ती ठाकठीक करून, वर चार टोमणे जोडून परत पाठवायचो.

ज्या वर्षी मी ते वाक्य लिहिलं त्याच वर्षी माझा उजवा हात थरथरायला लागला. आठ महिने मी तो दोष जॉयस्टिकच्या माथी मारला. मला कळत नव्हतं असं आज म्हणता येईल, पण ते खोटं होईल. मला कळत होतं.

आधी त्या सेटिंगचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. जॉयस्टिक जेवढी ढकलाल तेवढंच विमान वळलं, तर ते हाताला फार तिखट लागतं. म्हणून त्या खेळात प्रत्येक दिशेसाठी दहा स्लायडर होते. मध्याजवळचे स्लायडर खाली ठेवले की विमान मऊ वागतं आणि नेम धरता येतो; टोकाचे वर ठेवले की जीव वाचवायला गर्रकन वळता येतं. या दहा आकड्यांतून जी रेषा तयार होते तिला आम्ही कर्व्ह म्हणायचो. माझ्या कर्व्हवर लोक जळायचे. शिवाय एक वेगळा स्लायडर फिल्टरचा होता. काठीकडून येणारे बारीक झटके तो गाळून टाकायचा, पण त्या बदल्यात विमान तुमचं म्हणणं उशिरा ऐकायचं. बाजूच्या चौकटीत दोन ठिपके दिसायचे. लाल ठिपका म्हणजे हात खरोखर काय करतोय ते, आणि हिरवा म्हणजे गाळून झाल्यावर विमानाला काय कळतंय ते. हात चांगला असेल त्याने फिल्टर शून्यावर ठेवावा, दोन्ही ठिपके एकावर एक बसतील, असं मी त्या लेखात ठासून लिहिलं होतं.

माझा लाल ठिपका पहिल्यांदा थरथरला तेव्हा मला बरंच वाटलं. काहीतरी दुरुस्त करायला मिळालं. जॉयस्टिकमध्ये पॉट नावाचा एक छोटा भाग असतो, जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाच्या आत असतो तसाच. तो झिजला की खरखरतो. मी स्टिक उघडली, पॉटवर स्प्रे मारला, पुन्हा बंद केली. ठिपका थरथरतच होता. मग पॉट काढून शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एका म्हाताऱ्या चिनी दुकानदाराकडे गेलो. त्याने पॉट मीटरला जोडला, या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवला आणि माझ्याकडे सरकवला.

"धिस वन ओके, लाह," तो म्हणाला.

त्याचा मीटर जुना झालाय असं मी त्याला ऐकवलं. आज आठवलं की लाज वाटते, कारण तो नुसता हसला आणि मला नवा पॉट काढून दिला. तो बसवला. काही फरक नाही. मग मी नवी जॉयस्टिकच आणली. तिचाही पहिल्याच दिवशी लाल ठिपका हलला, तेव्हा हल्ली माल कसा खराब येतो यावर मी फोरमवर लांबलचक लिहिलं.

हात काढला की ठिपका थांबायचा. खरं म्हणजे माझ्यासारख्या इंजिनियरला एवढं पुरे होतं. पण त्यावरही माझ्याकडे उत्तर तयार होतं: पॉट मध्यावर ठीक आहे, हलवला की खरखरतो. स्टिक डाव्या हातात धरून बघणं ही अर्ध्या मिनिटाची चाचणी होती. ती मी आठ महिन्यांत एकदाही केली नाही. त्याऐवजी फिल्टर दहावर नेला. मग वीस. मग पस्तीस. दर रविवारी प्रोफाइलची नवी फाइल करायची आणि नावात तारीख घालायची, ही प्रयोगशाळेने लावलेली सवय मात्र मी सोडली नाही.

माझी नोकरी हाताची होती. केसाहून बारीक काचेचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरून एका चिपच्या तोंडाशी नेमका आणायचा, हे आमच्या प्रयोगशाळेतलं सगळ्यात किचकट काम, आणि ते माझ्याकडे यायचं. बाकीचं कोणीही करू शके. करार वर्षा-वर्षाचा होता. त्या करारावर माझा इथे राहण्या-कामाचा पास, माझ्या पासवर बायकोचा पास, आणि दोघांच्या पासवर बुकित पंजांगचा भाड्याचा फ्लॅट. तिकडे मायदेशी बाबा घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमचा मुलगा दिसतही नाही अशी काच जोडतो. सुट्टीवर गेलो की माझा उजवा हात पुढे करून लोकांना दाखवायचे. मला कानकोंडं व्हायचं, पण मी हात मागे घेत नसे.

एका आठवड्यात माझ्याकडून तीन धाग्यांची टोकं चिपवर आपटून तुटली. शेजारी इमारतीचं काम चालू होतं. त्यांच्या हादऱ्यांनी टेबल हलतंय, असं मी सांगून टाकलं. आमच्या प्रमुखांनी बिचाऱ्यांनी माझा शब्द खरा धरून टेबलाची तपासणी करवली. टेबल उत्तम होतं. दोन दिवस विश्रांती घे, एवढंच ते म्हणाले. त्यांनी चिडायला हवं होतं. मी जिन्यात जाऊन उजवा हात मांडीखाली दाबून बसून राहिलो. मी घाबरलो होतो. इतका घाबरलो होतो, की कोणाला सांगितलं तर ते खरं होईल असं वाटायचं.

लपवायच्या युक्त्या मात्र मला भराभर सुचत गेल्या. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, सूपचा वाडगा घ्यायचा बंद केला. कोपी, म्हणजे इथली कॉफी, कपात घेतली की बशीत सांडायची, म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मागायला लागलो. दोरी बोटात अडकवायची, स्ट्रॉने प्यायची, कोणाला काही दिसत नाही. सही करताना मनगट टेबलावर घट्ट दाबायचं. बसलेलो असलो की हातात काहीतरी जड धरायचं. हे सगळे फिल्टरच होते, आणि तेही मी एकेक अंकाने वाढवत होतो.

पौर्णिमेला आम्ही दोघं घरी बुद्धमूर्तीपुढे बसून त्रिशरण-पंचशील म्हणायचो. मेणबत्ती लावायचं काम माझं. एका पौर्णिमेला काडी वातीभोवती नुसती फिरत राहिली, वातीला लागेना. एक काडी विझली, दुसरी विझली. पंख्याचा वारा लागतोय, असं मी म्हणालो. बायकोने वर पाहिलं. पंखा बंद होता. तिने माझ्या हातातून काडेपेटी घेतली, मेणबत्ती लावली आणि हात जोडले. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही. तिने एकटीनेच ते पूर्ण केलं.

तोपर्यंत फिल्टर शंभरावर गेला होता. लाल ठिपका मधमाशीसारखा घोंघावत असायचा आणि हिरवा मधोमध शांत बसलेला. विमान दिसायला सरळ उडत होतं, पण मी वळवल्यावर बऱ्याच वेळाने वळायचं, आणि तोवर समोरचा माझ्या मागे आलेला असायचा. दर रविवारी मीच पहिला पडायला लागलो. पोरं म्हणायची, म्हातारा झालास. मी म्हणायचो, कामाचा ताण.

मग एका रविवारी सकाळी फोन आला. जुरोंग ईस्टला राहणारा, विद्यापीठात संशोधन करणारा पुण्याचा एक मुलगा आमच्या कंपूत होता. त्याने नवी जॉयस्टिक घेतली होती आणि माझं स्वतःचं प्रोफाइल मागितलं होतं. आदल्या संध्याकाळी मी घाईत त्याला पाठवलं, ते नेमकं सगळ्यात नवं.

"दादा, चुकून दुसऱ्या कोणाची फाइल पाठवलीस का?" त्याने विचारलं. "विमान चिखलातून चालल्यासारखं वळतंय. फिल्टर शंभर कोण ठेवतं?"

हो, चुकून गेली, एका नवशिक्याची आहे, असं मी म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, त्याला सांग, काठी नव्हे, हात दुरुस्त कर. सांगतो म्हणालो. फोन ठेवला. फोन स्पीकरवर होता, कारण तो कानाशी धरला की हलायचा, आणि बायको दारात कणकेच्या हातांनी उभी होती.

ती हात धुऊन आली. स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली. त्या खेळाचा तिला मनापासून तिटकारा होता. आठवड्याची एक सुट्टी तू त्यात घालवतोस, हे तिचं नेहमीचं भांडण. त्या यंत्राला तिने कधी बोटही लावलं नव्हतं.

"तो नवशिका कोण?" तिने विचारलं.

तिने ठिपक्यांची चौकट उघडायला सांगितली. अशी चौकट असते हे तिला माहीत होतं. म्हणजे मागून कधीतरी येऊन ती बघून गेली होती. मग तिने माझा हात बाजूला करून काठी धरली, अर्धी डावीकडे नेली आणि तशीच धरून ठेवली. लाल ठिपका सरकला, मागोमाग हिरवा आला आणि त्याच्यावर बसला. मग दोन्ही हललेच नाहीत. खिडकीबाहेरून एलआरटी, ती उंचावरून धावणारी छोटी रेल्वे, गेली. आमच्या इमारतीजवळ आली की त्या गाडीच्या काचा आपोआप दुधाळ होतात, आतल्यांना लोकांची घरं दिसू नयेत म्हणून. गाडी पुढे निघून गेली तरी तिच्या हाताखालचे ठिपके तिथेच होते.

"आता तू धर," ती म्हणाली.

नको, असं मी म्हणालो. आपण नंतर बघू, दुपारी उड्डाण आहे, पोरं वाट बघतील. ती उठली नाही. शेवटी मी धरली. लाल ठिपका उसळला. हिरवा मधोमध गप्प.

"हिरवा कोण?"

"विमानाला दिसतो तो मी."

"आणि मला कुठला दाखवतोस?"

हिरवा, असं मी म्हणालो आणि रडायला लागलो. ती माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसली. तिच्या हातांत तो थांबेल असं मला वाटलं होतं. तो थांबला नाही, आणि ते तिलाही कळलं.

त्या दुपारी मी उडलो नाही. जुरोंग ईस्टच्या मुलाला एक ओळ लिहिली, फाइल माझीच होती. मग फोरमवर जाऊन तो लेख काढून टाकला. पास, करार, बाबा, सगळं एकदम अंगावर आलं होतं आणि त्यातल्या एकाचंही मला काही करता येत नव्हतं. करता येण्याजोगं एकच काम उरलं होतं. मी कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइली तारखेने लावल्या आणि एका कागदावर यादी केली. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत.

आठवड्याभराने आम्ही पॉलिक्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी मला बोटं नाकाला लावायला सांगितली, चालायला सांगितलं, मग कोरा कागद आणि पेन दिलं. मधून सुरुवात करून बाहेर बाहेर जाणारं एक चक्र काढा, रेषा एकमेकींना लावू नका. मी सवयीने मनगट टेबलावर दाबलं. मनगट उचला, असं त्या म्हणाल्या. अगदी सौम्यपणे म्हणाल्या. मी उचललं आणि काढलं. लोकांना हेवा वाटावा असे कर्व्ह मी वर्षानुवर्षं केले होते. हा करवतीच्या पात्यासारखा दातेरी आला आणि तिसऱ्या वेढ्याला रेषा रेषेवर चढली. बायकोने कागद सरकू नये म्हणून कोपरा धरून ठेवला होता. तो तिने तसाच धरून ठेवला.

हे कधीपासून होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. दोन-तीन आठवडे, हे उत्तर जिभेवर आलं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. मी खिशातून यादी काढून त्या चक्राशेजारी ठेवली. तारीख आणि पुढे आकडा. दहा, वीस, पस्तीस. डॉक्टरांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि हे आकडे कसले, असं विचारलं. दुसरी माणसं ताप लिहून ठेवतात, मी हे ठेवलं होतं. विमान सरळ उडावं म्हणून मला माझा हात किती गाळून टाकावा लागला, त्याचे, असं मी सांगितलं.

त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. शेवटचे चारही आकडे शंभर होते. म्हणजे गेला महिनाभर स्थिर आहे का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात जरा आशा होती.

नाही, मी म्हणालो. तो स्लायडर शंभराच्या पुढे सरकत नाही.