धवळेरीची वेळ

पोशेऱ्याच्या देवजीचा बँजो ऐकायला माणसं डोंगर उतरून यायची, आणि बोलावणं नसताना यायची. पंच्याण्णवच्या आसपास ठाण्याला बांधकामावर राबून त्यानं बँजो घेतला, त्याचा दोस्त मंगळूनं ड्रम घेतला, कर्णे कुठल्याशा जुन्या बाजारातून आले आणि 'वाघोबा बँजो पार्टी' उभी राहिली. थोड्याच वर्षांत जव्हार-मोखाड्याकडे लग्नाची तारीख आधी देवजीला विचारून ठरू लागली. जामसरची पोरं तर पार्टी जाईल तिथं मागोमाग हजर. नवरीचा बाप त्यांना पाहून कपाळाला हात लावायचा आणि निमूटपणे भाताचं आणखी एक पातेलं चढवायचा.

देवजीची आई गोदी ही धवळेरी. लग्नात देवांना गाण्यातून बोलावणारी बाई ती. तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय त्या पाड्यांवर लग्न लागलं असं कुणी मानत नाही, अक्षता कितीही उधळा. पार्टी निघाली तेव्हाच तिनं लेकाला बजावलं होतं.

"माझा गाना सुरू झाला का तुझा वाजवना बंद. देवाना ऐकू जाया पाह्यजे."

तसंच चालायचं. भिंतीवर रंगवलेल्या लग्नाच्या चौकापुढं गोदी बसली की देवजी मान हलवायचा, मंगळू काठ्या खाली ठेवायचा. पोरं कुरकुरत बसून राहायची. देवजी तेवढ्यात मांडवामागं जाऊन बिडी ओढायचा. आईचं गाणं त्यानं कधी नीट ऐकलं नाही. घरचंच होतं ना! घरचं कोण कान देऊन ऐकतं?

मग जामसरचं ते लग्न आलं. भर दुपारी सगळा पाडा नाचत होता, गर्दी मांडवाबाहेर सांडली होती. गोदी येऊन चौकापुढं बसली. मंगळूनं देवजीकडं पाहिलं. पोरं ओरडत होती, "आजून येक! देवजीदादा, आजून येक!" इतकी माणसं आपल्यासाठी ओरडताना पाहिली की माणूस स्वतःचा राहत नाही. देवजीनं मान हलवली नाही.

एकाचं दुसरं झालं, दुसऱ्याचं तिसरं. कर्ण्यांच्या त्या गजरात गोदी गात होती. नवरीची आई तिच्या तोंडापाशी कान नेऊन वाकली होती, तरी तिलाही काही कळत नव्हतं. गोदीनं शेवटपर्यंत गाऊन पुरं केलं आणि ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदी चालत जामसरला गेली. नव्या जोडप्याला अंगणात बसवून तिनं सगळं गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. देवजीला हे मंगळूकडून कळलं.

"त्यांचा लगीन आर्धा ऱ्हायलेला," संध्याकाळी ती एवढंच म्हणाली. त्यानंतर जिथं वाघोबा पार्टी, तिथं गोदी गेली नाही. आणि वाघोबा पार्टी तर सगळीकडेच असायची. देवजीला लाज वाटली, पण सुपाऱ्या येत राहिल्या आणि लाज मागं पडली, हे खरं ते सांगितलं पाहिजे.

पुढं नाशिककडून डीजेच्या गाड्या घाटातून येऊ लागल्या. पार्टी आपोआप मोडली. बँजोवर धूळ बसली.

देवजीच्या मुलीचं, कविताचं लग्न ठरलं तेव्हा गोदी फार थकली होती. देवजी तिच्या पायाशी बसला. "आये, तूच गा. कर्णा नाय, डीजे नाय. कोन वाजवनार नाय."

ती नातीकडं बघून "गाईन," म्हणाली.

लग्नाला जामसरची ती पोरं आली, आता टक्कल पडलेली, पोराबाळांची. देवजीदादा मुलीच्या लग्नात तरी वाजवेल या आशेनं आली होती. मंगळूनंही ड्रम आणला होता. गोदी चौकापुढं बसली. देवजीनं मान हलवली. मंगळूनं काठ्या जमिनीवर ठेवल्या आणि सगळे गप्प बसले. कुणी कुरकुरलं नाही.

गोदीचे ओठ हलू लागले.

देवजी पुढं सरकला. आणखी पुढं सरकला. शेवटी तिच्या तोंडापाशी कान नेऊन वाकला. नुसता श्वास येत होता. मधेच एखाद्या देवाचं नाव निसटल्यासारखं वाटायचं आणि विरून जायचं. सगळा मांडव शांत होता, आणि तरी त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्याला रडू फुटलं.

ओठ थांबले. गोदीनं नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "लागला लगीन."

"आये," देवजी म्हणाला, "परत येकदा म्हन. माना ऐकू नाय आला."

गोदीनं पदरानं त्याचे डोळे पुसले.

"परत जामसरला म्हनला व्हता, पोरा. तवा आवाज व्हता."