बंदर न आलेल्या गावातली बिअर

मी जॉर्जियाला निघाले, तेव्हा नवी मुंबईतल्या आमच्या करावे गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं की मी अमेरिकेला चाललेय. उरलेल्यांनी 'तिकरं लढाई चालू हाय ना?' असं विचारून मला जवळजवळ श्रद्धांजलीच वाहिली. लढाई जॉर्जियात नव्हती, त्याच्या थोरल्या शेजाऱ्याची, रशियाची, दुसरीकडे चालली होती. माझी भाची सायली तिबिलिसीला, म्हणजे तिथल्या राजधानीत, डॉक्टरकी शिकते. मी शाळेतून निवृत्त झालेली, रिकामी. भाऊ म्हणाला, "ताई, जाऊन ये. पोरगी नीट जेवते का तेवरं बघ."

पोरगी नीट जेवत होती. खाचापुरी (आत चीज भरलेली गरम भाकरी) खाऊन चांगली गोल झाली होती. तिबिलिसी मला पहिल्याच दिवशी आवडलं. डोंगराच्या उतारावर लाकडी सज्ज्यांची घरं, खाली नदी, आणि प्रत्येक अंगणात द्राक्षाचा मांडव. मात्र संध्याकाळ झाली की मोठ्या रस्त्यावर, संसदेसमोर, माणसं जमत. निळे झेंडे, त्यावर पिवळ्या चांदण्या. सरकारने युरोपीय संघात जाण्याची बोलणी लांबणीवर टाकली, तेव्हापासून ही माणसं रोज येतात, असं सायलीने सांगितलं. त्यांच्यात सायली जिच्या घरात राहते ती तामुना होती.

तामुना तिशीतली, सडपातळ, बोलायला फटकळ. मला ती लगेच पटली, कारण मीही तशीच. परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती काम करायची. अशा संस्थांना जखडणारा नवा कायदा आला आणि संस्था बंद पडली. लढाई टाळून आलेल्या रशियन लोकांमुळे घरभाडी आभाळाला भिडली होती, म्हणून आपल्या भाड्याच्या घरातली एक खोली सायलीला देऊन ती कसंबसं भागवत होती. आता ती कामासाठी पोलंडला निघाली होती, आणि त्याआधी गावी वडिलांना भेटायचं होतं. आम्हीही यावं, असा तिचा आग्रह.

"आत्या, खरं कारण वेगळंय," सायली माझ्या कानाशी लागली. "इलेक्शनपासून बाप-लेक बोलतच नाहीत. तो सरकारच्या बाजूने, ही रस्त्यावर. पण पाहुणा देवाने पाठवलेला असतो असं हे लोक मानतात. आपण सोबत असलो की तो दार बंद करू शकत नाही."

"म्हनजे आपन बुजगावनी!" मी म्हटलं. पण गेले. निघताना बापाचा शब्द कानावर पडला नाही तर परदेशात त्या पोरीचं कसं होणार, हे मला दिसत होतं.

मार्शरुत्का (आपल्या वडापसारखी छोटी बस) दिवसभर हाडं खिळखिळी करत पश्चिमेला धावली. मी एका वळणावर ओकले. शेजारच्या आजीने माझ्या हातात लिंबू ठेवलं, तेव्हा मला आपल्या घाटातल्या एसटीची आठवण झाली.

गाव काळ्या समुद्राच्या काठी. सपाट ओली जमीन, बगळे, माणसाएवढी उंच लव्हाळी. क्षणभर वाटलं, लहानपणीची आमची खाडीच ही. समुद्राकडे तारेचं कुंपण आणि त्याच्या आत ओसाड वाळू. इथे मोठं बंदर होणार म्हणून कित्येक वर्षं सांगतात. तामुनाच्या वडिलांनी, झुराबनी, हेझलनटची बाग त्यासाठी दिली. बंदराचं काम सुरू झालं, थांबलं, आता पुन्हा होणार म्हणतात. तोवर गावातली तरुण माणसं बंदराची वाट न बघता निघून गेली. आमच्या शेजारच्या उरणमध्ये जमिनी गेल्या, पण निदान बंदर तरी आलं; मग मी आजवर जेवढी चिडले होते तेवढं चिडण्याचा मला हक्क आहे की नाही, असा विचार मनात येऊन गेला.

झुराब दारातच उभे होते. उंच, पांढऱ्या मिशांचे. माझा हात दोन्ही हातांत धरला, सायलीच्या डोक्यावर हात ठेवला. लेकीकडे बघून नुसती मान हलवली.

जेवण म्हणजे पंगतच होती. घोमी (पांढऱ्या मक्याची घट्ट पेज), अक्रोडाच्या रश्श्यातली कोंबडी, आणि आजिका, म्हणजे नाव बदललेला आपला लाल ठेचा. तो मी चमच्याने खाल्ला, तशी झुराबची माझ्यावर मर्जी बसली. तिथे कुणी आपलं आपण पीत नाही. यजमान उभा राहून कशाच्या तरी नावाने चार चांगले शब्द बोलतो आणि मगच सगळे घरच्या वाइनचा घोट घेतात. झुराब देवाच्या नावाने बोलले, पाहुण्यांच्या, मेलेल्यांच्या, शांततेच्या. शांततेच्या वेळी ते म्हणाले, "तीसेक वर्षांपूर्वी नदीपलीकडून इथे लढाई आली तेव्हा ही दोन वर्षांची होती. मी हिला खांद्यावर घेऊन पळालो." सायली मला सगळं मराठीत सांगत होती.

मग माझी पाळी आली.

आता, वाइनने मला पित्त होतं. पण आमच्या आगरी हळदीत पाहुण्याच्या हातात पहिली बिअर दिली जाते, तो मान असतो. टेबलाच्या कडेला बिअरची बाटली दिसली. मी ग्लास भरला, उभी राहिले आणि पोटातून बोलले, "झुराबभाऊंच्या घराला आनि या बाप-लेकीला!"

सगळे थिजले. झुराबच्या मिशाही हलेनात.

"आत्या! खाली ठेव!" सायली कुजबुजली. "इकडे बिअरने फक्त दुश्मनांचं नाव घेतात!"

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात तामुनाच्या तोंडून हसू फुटलं. झुराबनी तिच्याकडे बघितलं आणि तेही टेबलावर थाप मारून हसायला लागले. डोळे पुसत त्यांनी मला विचारलं, मग तुमचे खरे दुश्मन कोण? मी म्हटलं, "आमचे खारीवर मातीचा भराव टाकनारे." ते ऐकून त्यांनी स्वतःला बिअर ओतली आणि कुंपणाच्या दिशेने ग्लास धरला. "बंदराला!"

मग त्यांनी तामुनाचा ग्लास बिअरने भरला. आता ही बापाच्या पक्षाचं नाव घेणार, या भीतीने सायलीने माझा हात घट्ट धरला. तामुनाने ग्लास उचलला.

"विमानाला," ती म्हणाली.

झुराबचा चेहरा पडला. त्यांनी बिअर बाजूला सारली, वाइन घेतली, लेकीच्या प्रवासाच्या नावाने चार शब्द बोलले आणि तिला मोठ्याने काहीतरी विचारलं. सायलीने ते मला मराठीत सांगितलं. "विचारतायत, तिकडे खूप थंडी असते, जाड कोट घेतलास का?"

सकाळी दोघांचं राजकारण पुन्हा सुरू झालं, चांगलं कडाक्याने. झुराब म्हणाले, मत पुन्हा तिथेच देईन, हे सरकार लढाई तरी येऊ देत नाही, तुला ती आठवत नाही. ती म्हणाली, मीही पुन्हा रस्त्यावर उभी राहीन. पण भांडताना ते तिच्या बॅगेत अक्रोड कोंबत होते. मला दोघंही खरी वाटली, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. निघताना त्यांनी मला कोलाच्या बाटलीत भरून घरची वाइन दिली.

घरी परतले तर काही दिवसांत चुलत भाच्याची हळद होती. करावेच्या मांडवात बेंजो वाजत होता. भावाने मानाची पहिली बिअर माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "ताई, सायली शिकून परत येल ना गो?"

मी काही बोलणार, इतक्यात आमच्या खाडीवर भराव टाकून बांधलेल्या नव्या विमानतळावरून उडालेलं विमान मांडवावरून गेलं. बेंजोसुद्धा ऐकू येईना. माझा बिअरचा ग्लास आपोआप वर गेला. मग आठवलं, उन्हाळ्यात सुट्टीला सायली येणार ती विमानानेच.

ग्लास खाली ठेवला. भावाला म्हटलं, "माझे फ्रिजमधशी ती कोलाची बाटली आन. पित्ताचं उद्या बघू."