आज डंबेल्सना सुट्टी होती

मंडळी, जिममधून थेट सायबर कॅफेत आलेय. आज आयुधपूजा. आमच्या चामराजपेटच्या जिममध्ये सगळ्या डंबेल्सना कुंकू, झेंडूची फुलं आणि उद्या सकाळपर्यंत सुट्टी!

मी वैतागले. आई न्हाणीत पडली तेव्हा मला एकटीला तिला उचलता आलं नव्हतं, म्हणून तर जिमला जायला लागले. एकही दिवस बुडवायचा नाहीये मला.

शिकवणारे अण्णा म्हणाले, "सरी अक्का (म्हणजे बरं ताई), आज रिकाम्या हातांनी करा."

आरशासमोर उभी राहिले. मुठी खांद्यापर्यंत वर, मग खाली. हातात वजन नव्हतं, तरी कोपरं पुढे पळत होती आणि कंबर झोके घेत होती. म्हणजे इतके दिवस डंबेल माझे दंड नव्हे, कंबरच उचलत होती!

"कोपरं बरगड्यांना चिकटवा. खाली आणताना घाई नको," अण्णा म्हणाले. तसं केलं, तर रिकाम्या हातांनीसुद्धा दंड भरून आले.

उद्या सगळ्यात हलकी जोडी घेणार. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. तुम्हीही आरशासमोर करून बघा, तुमची कोपरं जागेवर राहतात का?

आई परत पडू नये. पण पडलीच, तर शेजाऱ्यांना हाक मारायची नाहीये मला.