पिशवी सांभाळणाऱ्या वहिनी

“अजून, अजून, अजून... थांबू नका साहेब, अजून!”

मी ओरडत होते आणि पाटणकरसाहेब नाकाला चिमटा लावून नळीत फुंकत होते. माझी नोकरीच ती. दिल्लीत एका छातीच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये मी लोकांवर ओरडायचा पगार घ्यायची. शिक्षण म्हणाल तर काही नाही. रिसेप्शनला होते, मशीन आलं, चालवायला कोणी नव्हतं, मग मीच शिकले. या टेस्टला स्पायरोमेट्री म्हणतात. नाव मोठं, पण काम फुंकणीचं. छातीभर श्वास घ्यायचा आणि सगळा जोरात बाहेर सोडायचा. हवा किती निघते आणि किती वेगानं, ते मशीन कागदावर काढून देतं.

साहेबांचा कागद झकास आला. वर सुळका, मग सरळ उतार. नॉर्मल.

साहेब केंद्र सरकारातून नुकतेच रिटायर झालेले. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडाला सोसायटीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. थंडीत खोकला लागला, तो जाईना. पण नॉर्मल म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला.

“मशीन बरोबर आहे ना तुमचं?”

“बिल्कुल बरोबर आहे.”

“मग परत घ्या. नोएडाची धूळ तुम्हाला माहीत नाही. चारी बाजूंना खोदून ठेवलंय.”

परत घेतली. परत नॉर्मल. साहेब असे बसले, जणू प्रमोशनच्या यादीतून नाव गळलंय.

त्यांच्या मागे त्यांच्या बायको, म्हणजे वहिनी, उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत साहेबांचा मफलर, साहेबांचा थर्मास, साहेबांचे जुने एक्स-रे. तोंडाला पदर लावून त्या बारीक खोकत होत्या, साहेबांच्या टेस्टमध्ये अडथळा नको म्हणून. मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, नव्या घरात धुळीचं काय करता?

मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून वहिनी मोकळ्या झाल्या. साहेबांना धूळ सोसत नाही, म्हणून खिडक्या कायमच्या बंद, फटींना टेप लावलेली. खाली वॉल-टू-वॉल कार्पेट, मुलानं हौसेनं घालून दिलेलं. वहिनी सकाळ-संध्याकाळ ते कोरड्या ब्रशनं झाडत, मग फर्निचर फडक्यानं झटकत. तेवढा वेळ साहेबांना खाली पार्कात धाडत, उगाच त्रास नको म्हणून. त्याआधी फ्लॅटचं काम चाललं होतं, मार्बलची घिसाई, वुडवर्क, मग आणखी एक शोकेस. तेव्हा साहेब ऑफिसला जायचे आणि वहिनी डबा घेऊन बसनं नोएडाला, कारागिरांवर नजर ठेवायला. कारागीर तोंडाला गमछा बांधून पॉलिशपेपर घासायचे. वहिनींनी काही बांधलं नाही. स्वतःच्या नव्या घरात तोंड बांधून बसणं त्यांना बरं वाटेना.

बोलता बोलता त्या दोनदा थांबल्या. विचार करायला नव्हे, श्वास घ्यायला.

मी आत डॉक्टरांकडे गेले. “सर, साहब के साथ जो हैं, उनकी टेस्ट भी करनी चाहिए.”

“पर्चा किसका है?”

“साहब का.”

“तो?”

“सर, साँस तो उनकी फूल रही है.”

डॉक्टर चिडके होते, पण कान पक्का. उठून बाहेर आले, वहिनींना खुर्चीवर बसवलं, पाठीला नळी लावून ऐकलं, आणि मला मान हलवून सांगितलं, घे. वहिनी संकोचल्या. “अहो, मला काय होणार? मी तर घरातच असते.”

फुंकताना मला त्यांच्यावर ओरडवेना, पण ओरडले. कागद आला. जिथे सरळ उतार हवा, तिथे दोरीवरच्या ओल्या साडीसारखा झोळ. मग पंपानं औषध ओढायला देऊन थोड्या वेळानं परत फुंकायला लावतात. दमा असेल तर बहुधा कागद सुधारतो. त्यांचा झोळ जवळजवळ तसाच राहिला. म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या.

साहेब म्हणाले, “पर इसने तो ज़िंदगी में सिगरेट नहीं देखी.”

“एकच कारण नाही सांगता येत,” डॉक्टर हिंदीतच म्हणाले. लहानपणीचा चुलीचा धूर असेल, मग ही धूळ. पुढचं वाक्य मला अजून पाठ आहे: “आपने बाहर की धूल तो रोक ली. अंदर वाली कहाँ जाती? जो सामने था, उसमें गई.”

साहेबांनी पुढे होऊन वहिनींच्या हातातली पिशवी घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घेतली असावी, कारण वहिनी ती सोडेनात.

गेलेला श्वास वहिनींना परत मिळाला नाही. या आजारात तो मिळत नाही. उरलेला राखायचा, एवढंच हातात. पंप रोजचा झाला. साहेबांनी कार्पेट उचलून दिलं, टेप काढली, बाहेर खोदकाम थांबेल त्या वेळेला खिडक्या उघडायला लागले आणि ओला पोछा स्वतः मारायला लागले. आता पार्कात वहिनी जातात. साहेब वरून बघतात, कुठल्या बाकावर किती वेळ थांबल्या ते, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना रिपोर्ट देतात. स्वतःचा खोकला कधी गेला, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

माझं म्हणाल तर मी एक सवय लावून घेतली. पेशंट आत आला की त्याला खुर्ची देते, आणि आधी बघते, पिशवी कोणाच्या हातात आहे.